अंत्युखियाची ख्रिस्तसभा : प्रेषितांचे कार्य आणि प्रभाव

आपण स्वतःला ‘ख्रिस्ती’ म्हणवितो आणि आपल्या ख्रिस्तसभेला ‘कॅथलिक’ म्हणतो. या दोन्ही नावांचा संबंध एकाच प्राचीन नगराशी आहे. प्रभू येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखिया येथे मिळाले. ‘कॅथलिक ख्रिस्तसभा’ हा शब्दप्रयोग आज उपलब्ध असलेल्या लिखाणांपैकी ज्यांच्या पत्रात सर्वप्रथम आढळतो, ते संत इग्नेशियस याच अंत्युखियाचे महागुरू होते.

यरुशलेमच्या ख्रिस्तसभेचा जन्म प्रेषितांच्या सान्निध्यात झाला. करिंथ आणि फिलिप्पै येथील ख्रिस्तसभा संत पौलाच्या प्रवचनांतून उभ्या राहिल्या. अंत्युखियाची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रेषित पोहोचण्यापूर्वीच श्रद्धेचे रोप रुजले होते. प्रेषितांनी ते ओळखले, जोपासले, संकटात सांभाळले आणि पुढे त्या रोपाच्या सावलीत स्वतःही विसावले. प्रेषितांचा प्रभाव म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर अंत्युखियाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून ‘प्रेषितांची कृत्ये’ आणि संत पौलाचे गलतीकरांस पत्र यांच्या आधारे आम्ही येथे या ख्रिस्तसभेची ओळख करून देत आहोत.

नगराचा परिचय

अंत्युखिया हे नगर ख्रिस्तपूर्व ३०० मध्ये सेल्यूकस निकेटर या राजाने ओरोंतीस नदीच्या काठी वसविले. हा अलेक्झांडर बादशहाचा एक सेनापती. आपल्या पित्याच्या, म्हणजे अंतियोखाच्या नावावरून त्याने नगराचे नाव ठेवले. ख्रिस्तपूर्व ६४ मध्ये रोमन सेनापती पाँपी याने ते जिंकले आणि पुढे ते सिरिया प्रांताची राजधानी झाले. पहिल्या शतकात रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल साम्राज्यातील तिसरे नगर म्हणून त्याचा लौकिक होता. भूमध्य समुद्रावरील सलूकिया हे त्याचे बंदर होते. पूर्वेकडून येणारे व्यापारी मार्ग येथे येऊन मिळत. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा असलेला भव्य राजमार्ग नगराच्या मध्यातून जात असे. जवळच्या दफने या उपनगरात अपोलो देवाचे प्रसिद्ध मंदिर होते.

या नगरात ग्रीक, सिरियन, रोमन व यहुदी लोक शेजारीशेजारी राहत. यहुद्यांची वस्ती मोठी व जुनी होती. योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, पुष्कळ ग्रीक लोक यहुद्यांच्या उपासनेकडे आकर्षित होत असत. यरुशलेममध्ये गरजूंच्या सेवेसाठी निवडलेल्या सात जणांपैकी निकलाव हा अंत्युखियाचाच होता. तो जन्माने यहुदी नव्हता, त्याने यहुदी धर्म स्वीकारलेला होता. तात्पर्य, एका देवाविषयी ओढ असलेले परराष्ट्रीय लोक या नगरात आधीच होते. जमीन नांगरलेली होती, पेरणाऱ्याची वाट होती.

ज्यांची नावे नोंदली गेली नाहीत

इ. स. ३५ च्या सुमारास संत स्तेफन यांना दगडमार करून ठार मारण्यात आले. त्यापाठोपाठ यरुशलेममध्ये छळ सुरू झाला आणि अनेक श्रद्धावंतांची पांगापांग झाली. प्रेषित मात्र यरुशलेममध्येच राहिले. पांगलेले लोक फेनिके, कुप्र बेट आणि अंत्युखियापर्यंत गेले. यरुशलेमपासून हे नगर सुमारे ५०० किलोमीटर दूर. हे लोक धर्मप्रसारासाठी नेमलेले नव्हते. जीव वाचविण्यासाठी घरदार सोडून निघालेली ती माणसे होती.

आरंभी ही मंडळी फक्त यहुद्यांनाच सुवार्ता सांगत. परंतु त्यांच्यात मूळचे कुप्र बेटावरील व आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कुरेने येथील काही जण होते. अंत्युखियास आल्यावर त्यांनी ग्रीक लोकांनाही प्रभू येशूविषयी सांगावयास प्रारंभ केला. पुष्कळांनी श्रद्धा ठेवली. कैसरियात संत पेत्राने कर्नेल्य या रोमन अधिकाऱ्याच्या घरी स्नानसंस्कार दिल्याचा प्रसंग आपणांस ठाऊक आहे, परंतु ते एक कुटुंब व त्याचे आप्तस्नेही होते. अंत्युखियात परराष्ट्रीयांचा एक मोठा समुदायच ख्रिस्तसभेत आला.

एवढे मोठे पाऊल उचलणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव संत लूक यांनी या ठिकाणी दिलेले नाही. ती माणसे प्रेषित नव्हती. भाषा ग्रीक, जन्म परमुलखातला आणि शेजारी परधर्मीय, अशा परिस्थितीत वाढलेल्या त्या सामान्य श्रद्धावंतांना आपल्या शेजाऱ्यांशी बोलणे स्वाभाविक वाटले असावे. आज आपण ज्याला प्रापंचिकांचे प्रेषितकार्य म्हणतो आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ज्याविषयी स्वतंत्र हुकूमनामा प्रसिद्ध केला, त्याचे एक ठळक उदाहरण ख्रिस्तसभेच्या पहिल्याच पिढीत असे घडले.

बर्णबा : कृपा पाहून आनंदित झालेला माणूस

ही बातमी यरुशलेमला पोहोचली, तेव्हा तेथील ख्रिस्तसभेपुढे अवघड प्रश्न उभा राहिला. परवानगी कोणी दिली, असे विचारता आले असते. नव्या लोकांनी आधी मोशेचे नियमशास्त्र पाळावे, अशी अट घालता आली असती. यरुशलेमने तसे केले नाही. परिस्थिती पाहण्यासाठी एक माणूस पाठविला. त्या माणसाची निवड हाच अर्धा निर्णय होता.

तो माणूस म्हणजे बर्णबा. त्याचे मूळ नाव योसेफ. तो कुप्र बेटावरचा लेवी होता. आपली जमीन विकून आलेले पैसे त्याने प्रेषितांच्या चरणी आणून ठेवले होते. प्रेषितांनीच त्याला बर्णबा हे नाव दिले होते. त्या नावात धीर देण्याचा, सांत्वनाचा अर्थ आहे. अंत्युखियात सुवार्ता सांगणाऱ्यांपैकी काही जण त्याच्याच बेटाचे होते. त्यांची भाषा व त्यांचे जग त्याला परके नव्हते.

अंत्युखियास येऊन बर्णबाने काय केले? संत लूक सांगतात की, देवाची कृपा पाहून त्याला आनंद झाला आणि प्रभूला धरून राहण्याचा त्याने सर्वांना बोध केला. तपासणीसाठी आलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया आनंदाची असावी, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. आपण येण्यापूर्वी पवित्र आत्मा येथे येऊन गेला आहे, हे त्याने ओळखले.

काम वाढले तेव्हा बर्णबाने दुसरी मोठी गोष्ट केली. तो तार्स नगरास गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. दमिष्काच्या वाटेवर प्रभूचे दर्शन झाल्यानंतर शौल यरुशलेमला आला होता, तेव्हा शिष्यांना त्याची भीती वाटत होती. त्या वेळीही त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. पुढे शौल आपल्या गावी, तार्सला गेला होता. बर्णबाने त्याला अंत्युखियास आणले नसते, तर संत पौलाच्या कार्याची वाट कोणती असती हे सांगणे कठीण आहे. आपल्यापेक्षा अधिक विद्वान व प्रभावी माणसाला स्वतःहून बोलावून आणणे आणि त्याच्या शेजारी उभे राहून काम करणे, हेही प्रेषितकार्यच होय. दोघांनी वर्षभर तेथे राहून मोठ्या समुदायाला शिक्षण दिले.

‘ख्रिस्ती’ हे नाव

याच काळात शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले. श्रद्धावंत आपसांत एकमेकांना शिष्य, बंधू, पवित्र जन असे म्हणत. ‘ख्रिस्ती’ हे नाव बाहेरच्या लोकांनी दिले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एखाद्या नेत्याच्या नावाला प्रत्यय जोडून त्याच्या अनुयायांना ओळखण्याची पद्धत त्या काळी होती. हेरोदाच्या पक्षाचे लोक ते ‘हेरोदी’, तसे ख्रिस्ताचे ते ‘ख्रिस्ती’. संपूर्ण नव्या करारात हा शब्द केवळ तीन वेळा येतो, यावरून तो सर्वत्र रूढ होण्यास काळ लागला असे दिसते.

नावाची गरज का पडली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. येशूवर श्रद्धा ठेवणारे सर्व जण यहुदी होते, तोवर नगरातील लोकांना तो यहुद्यांमधीलच एक पंथ वाटला असेल. पण यहुदी आणि ग्रीक एकत्र येऊ लागले, एकत्र प्रार्थना करू लागले, तेव्हा त्यांना ना यहुदी म्हणता येईना, ना ग्रीक. वंश व जात यांवरून ओळखता न येणाऱ्या लोकांना ख्रिस्ताच्या नावावरून ओळखावे लागले. आपले नाव अशा प्रकारे एकत्र येण्यातून जन्मले आहे.

अन्नधान्याची टंचाई आणि पहिली मदत

यरुशलेमहून काही संदेष्टे अंत्युखियास आले. त्यांच्यापैकी अगब याने मोठा दुष्काळ पडणार असल्याचे सांगितले. क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. ४१ ते ५४ या काळात, असा दुष्काळ पडला. इ. स. ४६ च्या सुमारास यहुदियात धान्याची मोठी टंचाई झाल्याची नोंद योसेफसनेही केली आहे.

अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत गोळा करण्याचे ठरविले आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती यरुशलेमच्या वडीलजनांकडे पाठविली. धाकट्या ख्रिस्तसभेने थोरल्या ख्रिस्तसभेला अन्न पुरविले. ज्यांना सुवार्ता मिळाली होती, त्यांनी ती देणाऱ्यांच्या घरची चूल पेटती ठेवली. ज्या परराष्ट्रीयांच्या प्रवेशाविषयी यरुशलेममध्ये काहींच्या मनात शंका होत्या, त्यांचेच पैसे आता यरुशलेमच्या गरिबांसाठी येत होते. पुढे संत पौलाने मासेदोनिया व अखया येथील ख्रिस्तसभांत यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमविली, त्या कार्याचा वस्तुपाठ त्याला अंत्युखियात मिळाला होता.

पाठविणारी ख्रिस्तसभा

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या पाच संदेष्ट्यांची व शिक्षकांची नावे दिली आहेत : कुप्रचा बर्णबा; शिमोन, ज्याला नीगर म्हणजे ‘काळा’ असे म्हणत; कुरेनेकर लूक्य; हेरोद राजाबरोबर लहानाचा मोठा झालेला मनाएन; आणि तार्सचा शौल. बेटावरचा लेवी, आफ्रिकेतला कुरेनेकर, राजवाड्यात वाढलेला गृहस्थ आणि एकेकाळी ख्रिस्तसभेचा छळ करणारा परूशी, असे हे पुढारी होते. त्यांच्यापैकी कोणीही मूळ अंत्युखियाचा असल्याचे म्हटलेले नाही. ज्या नगरात सगळ्या दिशांनी लोक येत, त्या नगरातील ख्रिस्तसभेचे नेतृत्वही तसेच होते.

ही मंडळी प्रभूची उपासना व उपवास करीत असता पवित्र आत्म्याने बर्णबा व शौल यांना विशेष कार्यासाठी वेगळे करावयास सांगितले. तेव्हा उपवास व प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून, ख्रिस्तसभेने त्यांची रवानगी केली. सलूकिया बंदरातून ते जहाजाने कुप्र बेटाकडे निघाले. संत पौलाचा पहिला सुवार्ताप्रवास असा सुरू झाला. दुसरा व तिसरा प्रवासही अंत्युखियाहूनच सुरू झाला.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. आपले दोन सर्वोत्तम शिक्षक दूर पाठविण्यात त्या ख्रिस्तसभेचे नुकसान होते. तरीही तिने त्यांना धरून ठेवले नाही. ते परत आले, तेव्हा सर्वांना एकत्र जमवून त्यांनी आपल्या कार्याचा वृत्तान्त सांगितला. पाठविणाऱ्यांना हिशेब देण्याची ही रीत प्रेषितांनी स्वतः पाळली. प्रेषितांनी ख्रिस्तसभेला घडविले हे जितके खरे, तितकेच अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेने संत पौलाला प्रेषित म्हणून मार्गस्थ केले हेही खरे.

वाद आणि यरुशलेमची परिषद

सारे सुरळीत चालले होते, असे मात्र नाही. यहुदियातून काही लोक अंत्युखियास आले आणि सुंता केल्यावाचून तारण नाही, असे शिकवू लागले. ज्यांना स्नानसंस्कार मिळून कैक वर्षे झाली होती, अशा परराष्ट्रीय बंधूंना आता सांगण्यात येत होते की, तुमचे ख्रिस्ती होणे अपुरे आहे. पौल व बर्णबा यांनी त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला. प्रश्न एका विधीपुरता नव्हता. ख्रिस्ताची कृपा पुरेशी आहे की नाही, आणि ख्रिस्तसभा एका राष्ट्राची की सर्व राष्ट्रांची, हे ठरावयाचे होते.

अंत्युखियाने हा प्रश्न स्वतःपुरता मिटविला नाही. वेगळी चूलही मांडली नाही. पौल, बर्णबा व आणखी काही जण यरुशलेमला पाठविण्यात आले. इ. स. ४९ च्या सुमारास प्रेषित व वडीलजन एकत्र जमले. पुष्कळ वादविवाद झाला. संत पेत्राने कर्नेल्याच्या घरचा आपला अनुभव सांगितला. पौल व बर्णबा यांनी परराष्ट्रीयांमध्ये देवाने केलेल्या कृत्यांची साक्ष दिली. शेवटी यरुशलेमच्या ख्रिस्तसभेचे प्रमुख संत याकोब यांनी तोडगा सुचविला. परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नको. मूर्तींना अर्पिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार यांपासून मात्र त्यांनी दूर राहावे. यांतील अन्नाविषयीच्या अटींमुळे यहुदी बंधूंना परराष्ट्रीयांसमवेत जेवणे सोपे होणार होते.

हा निर्णय पत्राने कळविण्यात आला. पत्र अंत्युखिया, सिरिया व किलिकिया येथील परराष्ट्रीय बंधूंच्या नावे होते. आधी येऊन गेलेल्या लोकांना आम्ही अधिकार दिला नव्हता, असा खुलासा त्यात होता. केवळ कागद पाठवून प्रेषित थांबले नाहीत. यहूदा बर्सबा व सीला हे दोघे तोंडी समजावून सांगण्यासाठी सोबत आले. पत्र वाचल्यावर अंत्युखियात आनंद झाला. यरुशलेमहून अंत्युखियाकडे येणारी वाट एकच होती. त्या वाटेने बर्णबाही आला आणि मने अस्वस्थ करणारे लोकही आले. प्रेषितांचा खरा प्रभाव कोणता, हे त्याच्या फळावरून ओळखता आले.

एकाच मेजाचा प्रश्न

अंत्युखियातील सर्वांत कठीण प्रसंग संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितला आहे. हा प्रसंग परिषदेपूर्वीचा की नंतरचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. संत पेत्र अंत्युखियास आले होते. आरंभी ते परराष्ट्रीय बंधूंसमवेत जेवत असत. परंतु याकोबाकडून काही लोक आल्यावर, सुंता झालेल्यांच्या भयाने, ते मागे सरू लागले व वेगळे राहू लागले. त्यांचे पाहून इतर यहुदी बंधूंनी तसेच केले. बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला.

बर्णबाचे नाव लिहिताना पौलाला किती वेदना झाल्या असतील! ज्याने आपला हात धरला, ज्याने या परराष्ट्रीयांना पाहून आनंद मानला, तोच आता त्यांच्या पंगतीतून उठला होता. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर विरोध केला.

हा वाद जेवणासारख्या क्षुल्लक बाबीचा होता, असे कोणास वाटेल. परंतु त्या काळी श्रद्धावंत घरांतून एकत्र जमत आणि प्रभुभोजन हे सहभोजनाशी जोडलेले असे. मेजे वेगळी झाली असती, तर भाकर मोडणेही वेगळे झाले असते. एकाच नगरात दोन ख्रिस्तसभा उभ्या राहिल्या असत्या, एक शुद्ध आणि एक कमी शुद्ध. कोणीही परराष्ट्रीयांना उघडपणे बाहेर काढलेले नव्हते. नुसते त्यांच्यापासून दूर बसणे पुरेसे होते. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, याचा अर्थ आपल्या देशातील माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या वादात संत पेत्राचा अधिकार नाकारला गेला नाही. उलट त्यांचा प्रभाव मोठा होता, म्हणूनच त्यांच्या एका पावलाने इतरांना ओढून नेले आणि म्हणूनच पौलाला बोलणे भाग पडले. प्रेषितांच्या शब्दाइतकेच त्यांचे वागणे ख्रिस्तसभेला घडवीत किंवा बिघडवीत होते. पौलाने आपल्या पत्रात या वादाचा शेवट सांगितलेला नाही. पुढे योहान मार्काला सोबत न्यावे की नाही, यावरून पौल व बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरीही करिंथकरांस लिहिताना पौल बर्णबाचा उल्लेख आपल्या बरोबरीचा म्हणून करतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्क सेवेसाठी उपयोगी असल्याचे म्हटले आहे, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाला प्रिय बंधू म्हटले आहे. मतभेद झाले, पण मेज मोडले नाही.

प्रेषितांच्या पश्चात

प्राचीन परंपरा संत पेत्राला अंत्युखियाचे पहिले धर्मपीठप्रमुख मानते. रोमन पंचांगात २२ फेब्रुवारीचा संत पेत्राच्या धर्मासनाचा सण पूर्वी अंत्युखियाच्या आसनाचा म्हणून साजरा होई. इतिहासकार युसेबियस यांच्या नोंदीनुसार त्यानंतर एवोदियस व मग संत इग्नेशियस महागुरू झाले. संत लूक यांचे घराणे अंत्युखियाचे होते, असेही युसेबियस सांगतात. संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाची रचना याच परिसरात झाली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

ट्रेजन बादशहाच्या काळात, म्हणजे इ. स. ९८ ते ११७ या दरम्यान, संत इग्नेशियस यांना अटक करून हुतात्म्याच्या मरणासाठी रोमला नेण्यात आले. वाटेत त्यांनी सात पत्रे लिहिली. त्यांत महागुरू, वडीलजन व सेवक यांच्याभोवती एक होऊन, एकाच ख्रिस्तप्रसादात सहभागी होण्याचा आग्रह पुनःपुन्हा येतो. ज्या नगरात मेजावरून फूट पडण्याची वेळ आली होती, त्याच नगराचा महागुरू एकाच मेजाचा आग्रह धरतो, हे अर्थपूर्ण आहे. स्मिर्ना येथील ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात ‘कॅथलिक ख्रिस्तसभा’ हे शब्द आले आहेत.

चौथ्या शतकात याच नगराने संत योहान क्रिसोस्तोम हा थोर प्रवचनकार दिला. ३८६ साली ते अंत्युखियात धर्मगुरू झाले. ३८७ साली नव्या करामुळे संतापलेल्या लोकांनी बादशहाच्या पुतळ्यांची मोडतोड केली आणि शिक्षा म्हणून नगराचा राजधानीचा मान काढून घेण्यात आला. भयभीत व खिन्न झालेल्या लोकांना क्रिसोस्तोम यांनी उपवासकाळातील प्रवचनांतून धीर दिला. नगराचा मान कशात आहे हे सांगताना त्यांनी इमारती व रस्ते मोजले नाहीत. तीन गोष्टींची आठवण दिली : शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव येथे मिळाले, दुष्काळात येथून यरुशलेमला मदत गेली, आणि वाद उद्भवला तेव्हा येथून पौल व बर्णबा यांना प्रेषितांकडे पाठविण्यात आले. साडेतीनशे वर्षांनंतरही प्रेषितकाळाचा प्रभाव त्या नगराच्या स्मरणात असा जिवंत होता.

आजचे अंत्युखिया आणि आपण

त्या नगराने पुढे भूकंप, युद्धे व सत्तांतरे पाहिली. आज ते तुर्कस्तानातील अंताक्या होय. तेथील डोंगरात संत पेत्राचे गुहामंदिर आहे. पहिले श्रद्धावंत तेथे जमत, अशी परंपरा आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भीषण भूकंपात अंताक्याचा फार मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तमंदिरही कोसळले. आधीच अल्प असलेला ख्रिस्ती समाज आणखी विखुरला. अंत्युखियाचे महाधर्माध्यक्ष ही पदवी आज पाच पूर्वीय ख्रिस्तसभांचे प्रमुख धारण करतात. त्यांपैकी मेरोनाइट, मेल्काइट व सिरियन कॅथलिक या तीन ख्रिस्तसभा रोमशी ऐक्यात आहेत. त्या पाचांपैकी एकाचेही निवासस्थान आता त्या नगरात नाही.

तरीही अंत्युखियाचा वारसा आपल्यापासून दूर नाही. केरळमधील सिरो-मलंकारा कॅथलिक ख्रिस्तसभा अंत्युखियाच्या उपासनापरंपरेनुसार ख्रिस्तयाग साजरा करते. मार इव्हानियोस यांच्या पुढाकाराने १९३० साली ती रोमशी ऐक्यात आली. पुण्याजवळ खडकी येथे २०१५ साली तिचे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि २०१९ साली त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ओरोंतीस नदीच्या काठी आकारास आलेल्या प्रार्थना आज महाराष्ट्रातही म्हटल्या जात आहेत.

अंत्युखियाच्या इतिहासातून प्रेषितांच्या प्रभावाचे स्वरूप आपल्यासमोर स्पष्ट होते. त्यांनी सामान्य श्रद्धावंतांनी सुरू केलेल्या कार्यावर विश्वास ठेवला. वाद झाला तेव्हा एकत्र बसून निर्णय केला, तो लिहून दिला आणि माणसे पाठवून समजावला. चुकले तेव्हा एकमेकांना सांगितले, सांगितल्यावर एकमेकांना सोडले नाही. आपल्या धर्मग्रामात परप्रांतातून, परभाषेतून येणारे बंधुभगिनी आज वाढत आहेत. मिस्सेसाठी मागच्या बाकावर येऊन बसणाऱ्या अनोळखी कुटुंबाकडे आपण बर्णबाच्या नजरेने पाहतो का, सणाच्या जेवणात त्यांच्यासाठी आपल्या शेजारी जागा असते का, या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने द्यावयाची आहेत. ‘ख्रिस्ती’ हे नाव अंत्युखियाच्या लोकांना त्यांच्या एकत्र बसण्यावरून मिळाले. ते नाव आपण आजही धारण करतो.